दुधावर लक्ष

तपासनीसांनी जपानी शिकायचं ठरवलं तेव्हा त्यांना एकच गोष्ट लागणार होती, ती म्हणजे टेबल. घरात टेबल एकच, आणि त्यावर बायकोचं शिवणयंत्र. "पास होईपर्यंत वापरा," असं म्हणून ती यंत्रासकट जमिनीवर बसली. तपासनीस दोनदा नापास झाले. तिकडे तिचे गुडघे बोलू लागले. या खेपेला गडबड केलीत तर टेबल माझं, असं तिने शांतपणे सांगितलं. ती शांतपणे बोलली की ते पक्कं असतं, हे बावीस वर्षांच्या संसाराने त्यांना शिकवलं होतं. (जपानीपेक्षा ते लवकर आलं.)

जपानीच्या बाईंनी गृहपाठ दिला होता: घरात आपोआप घडलेले दहा बदल लिहून आणा. थंड होतं ते गरम झालं, या धाटणीचे. दुसऱ्या कुणी बसल्या जागी दहा वाक्यं ठोकून दिली असती. पण हे कचेरीत कागद तपासणारे गृहस्थ. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा. रविवारी सकाळपासून ते वही घेऊन घरभर फिरले, पण घरात काही बदलेल तर शपथ. दोन तासांनी टॉवेल वाळला तेव्हा कुठे एक वाक्य पदरात पडलं. पडद्याचा रंग उडेपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती, पण वही सोमवारी द्यायची होती.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, शेजारी जाऊन येते. गॅसवर दूध आहे, जरा लक्ष ठेवा."

तपासनीसांना देवच पावला. ते स्टूल ओढून गॅससमोर बसले. दूध कोमट झालं. मग गरम झालं. 'आत्सुकु नारिमाशिता', गरम झालं, असं त्यांनी मोठ्याने म्हणूनही पाहिलं. साय जाड झाली. भांडं काठोकाठ भरलं. ओटा पांढरा झाला. बर्नर काळा झाला. गॅस बंद करावा असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मध्ये हात घातला तर बदल आपोआप कसा म्हणायचा? भांडं निम्मं रिकामं झालं आणि स्वयंपाकघरात करपट वास भरला, तेव्हा नऊ वाक्यं झाली होती.

बायको दारातूनच धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना?"

"ठेवलं होतं की. एक क्षण नजर हलवली नाही." पुरावा म्हणून त्यांनी वही वाचून दाखवली. तिचा चेहरा लाल झाला, पण तो न लिहिण्याइतकी अक्कल त्यांना होती.

"एक राहिलंय," ते म्हणाले.

तिने त्यांची पुस्तकं उचलून ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवली, यंत्र टेबलावर चढवलं आणि खुर्चीत बसली. "लिहा. टेबल माझं झालं."

त्यांनी डोळ्यांनी पाहून, खात्री करून लिहिलं.

बाईंनी नऊ वाक्यांना पूर्ण गुण दिले. दहावं मात्र कापलं. शेरा होता: 'हा बदल आपोआप झालेला नाही, कुणीतरी घडवून आणलेला आहे.' तपासनीसांनी ओटा घासता घासता तो शेरा मोठ्या आशेने बायकोला वाचून दाखवला.

तिने शिवणावरून मान वर केली नाही. "कुणी?" तिने विचारलं.