पाणी चावणारे दाजीकाका

दाजीकाका पाणी चावून पीत. घोट तोंडात घेतला की डोळे मिटायचे, बकरीसारखा जबडा हलवायचे आणि निकाल द्यायचे, "हेंद्रेपाडा. चिंचेखालची विहीर. काल कुणीतरी गाळ ढवळलाय." आणि गंमत म्हणजे निकाल बरोबर निघायचा!

ते अंबरनाथला एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. एकटेच. लग्न का केलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "गेलो होतो ना मुलगी बघायला बदलापुरास. त्यांच्या घरचं पाणी मचूळ निघालं." आता यावर माणसानं बोलायचं काय, कपाळ?

नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "नाव राहू द्या. पाणी कुठलं? नाव आईबाप ठेवतात हो, चुकूही शकतं. लहानपणी प्यालेलं पाणी चुकत नाही." मी साताऱ्याकडचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं कौतुकानं पाहिलं, जशी काही कृष्णा मीच खणून आणली होती.

विहिरीला ते जात विचारत नसत. त्यामुळे चाळीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हातचा चहा घेत नसत. काकांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "बरंय, दूध वाचतं," म्हणायचे.

एकदा दवाखान्यात एक सिंधी म्हातारी आली. फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत येऊन राहिलेली. तक्रार एकच, "प्यास नहीं बुझती." डॉक्टरांना काही सापडेना, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पुडी बांधता बांधता काकांनी हळूच विचारलं, "अम्मा, पानी कौनसा?" म्हातारीचे डोळे भरले. "सिंधू का," म्हणाली.

झालं! तेव्हापासून दर रविवारी फिरकीचा तांब्या भरून काकांची स्वारी कॅम्पात. कधी शिवमंदिराजवळचा झरा, कधी बदलापूरची नदी, कधी कुठल्या पाड्यावरची विहीर. म्हातारी घोट घ्यायची आणि मान हलवायची, "अच्छा है, पुट. पर वो नहीं." पुट म्हणजे सिंधीत लेक. हा पन्नाशी उलटलेला लेक निराश व्हायचं सोडून खुशीत परतायचा, "अजून शोधायला हवं!" दोन वर्षं हे असं चाललं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मीही सोबत निघालो. हौस हो, दुसरं काय! ऊन नुसतं मी म्हणत होतं. बराकींच्या तोंडाशी काका एका कुल्फीवाल्याशी, कुल्फीत पाणी कुठलं घातलंस म्हणून हुज्जत घालत थांबले. तांब्या माझ्या हातात आणि माझा घसा कोरडा ठाक. एकच घोट घेऊ म्हणता म्हणता तांब्या रिकामा झाला! मी घाबरलो. तिथल्याच सार्वजनिक नळावर तो भरला आणि फिरकी घट्ट आवळली.

म्हातारीनं काकांचा लालबुंद चेहरा पाहिला. आधी ओढणीनं त्यांचा घाम पुसला, मग घोट घेतला. एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "हाँ पुट, यही है. बस. अब धूप में मत लाना."

काका आनंदानं नाचतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फिरकी लावून तांब्या माझ्या हातात दिला. परतताना त्यांनी तांब्या मागितला, उरलेला घोट तोंडात घेतला आणि चावू लागले. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"नळाचं ना रे?"

"चुकलो, दाजीकाका. फार तहान लागली होती."

"अरे, ती रोज तेच पिते. तिला कळलं नसेल होय?" त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "मी उन्हात वणवण करू नये म्हणून म्हणाली रे ती. आई गेल्यापासून माझा घाम कुणी पुसला नव्हता."

मलाही भरून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग आता रविवारी काय करणार?"

"जाणार तर! पाणी सापडलं म्हणून काय झालं?"

पुढच्या रविवारी तांब्या खोलीतच ठेवून ते निघाले, आणि मीही बरोबर गेलो. म्हातारीनं पेला पुढे केला. नळाचंच पाणी. दाजीकाकांनी ते न चावता गटागटा पिऊन टाकलं आणि पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.