पाणी समाधानकारक असल्यास

आमच्या गल्लीत रोज सकाळी नळाला पाणी येतं. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. गेल्या महिन्यात त्या पाण्यासोबत गटारही येऊ लागलं. हीसुद्धा वस्तुस्थितीच होती, परंतु आरोग्य खात्याच्या दृष्टीने ती अद्याप प्राथमिक स्वरूपाची होती. जमिनीखाली दोन पाइप वर्षानुवर्षं शेजारधर्म पाळून होते, त्यांचं कुठेतरी सूत जुळलं आणि वर गल्लीभर जुलाब सुरू झाले. आमची वहिनी पहिल्याच तुकडीत आडवी झाली.

वहिनीला आडवं करणं सोपं नाही. दादा गेल्यापासून घर तिच्या मुठीत आहे, आणि मी एवढा पिकलेला दीर, पण चहात साखर किती घ्यायची ते अजून तिला विचारतो. अशी बाई भिंत धरधरून मोरीकडे जाऊ लागली तेव्हा स्वयंपाकघर माझ्या हाती आलं. पाणी उकळून पाहिलं. वास तेवढा घरभर पसरला.

खरा उपाय सोपा होता. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण आहे, त्याखाली व्हॉल्व्ह. तो बंद करायचा, टँकर बोलवायचा आणि पाइप सांधायचा. मी गल्लीला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठलं.

"करतो की काका, चार आटे फिरवायचं काम आहे," तो म्हणाला. "फक्त आरोग्य खात्याचा आदेश दाखवा. मागे एकदा दयेपोटी बंद केला होता, तर मलाच घरी बसवलं. तेव्हापासून मी दया आदेशाशिवाय करत नाही."

आरोग्य खातं आम्हाला परकं नव्हतं. आमचे जावईबापूच तिथे उपसंचालक. जावयाकडे काही मागायला जाणं शोभत नाही, पण वहिनी मोरीत असताना शोभा कोण बघतो? मी गेलो.

"बाबा, अगदी योग्य वेळी आलात!" जावईबापू खुर्चीतून अर्धे उठले. "जुनी पद्धत असती तर काय झालं असतं? दवाखान्यातल्या सिस्टरने चिठ्ठी लिहिली असती, मी सही केली असती आणि संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह बंद. सगळा कारभार माणसांच्या भरवशावर! आता आपण आधुनिक झालोय."

कोपऱ्यात एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ही सॉफ्टवेअरवाली. तिने मला नीट समजावून सांगितलं, म्हणजे खात्यात ती नवीन होती.

"काका, हे सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीच्या तिजोरीतलं नाही. आतला सगळा मजकूर जगाला खुला आहे. कुणीही वाचावा, चूक दिसली तर दाखवावी. एवढ्या डोळ्यांखालून गेलं की चूक लपत नाही, म्हणून ते सुरक्षित. माहितीसुद्धा इथल्या एका संगणकात नाही, क्लाऊडवर आहे, लांबच्या अनेक यंत्रांवर. इथे छत गळलं तरी तिकडे शाबूत. आणि नियम सरळ आहे. एका गल्लीत दहाजणांना जुलाब झाले की व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश आपोआप चावीवाल्याच्या फोनवर."

"मग झालंच की! दहाजण तर आमच्या एका जिन्यात आहेत."

"झालं असतं," ती हळूच म्हणाली. "पण खुलं आहे म्हटल्यावर साहेबांनी ते छापून मागवलं."

इथे खात्याची एक जुनी चाल सांगायला हवी. खालून आलेल्या मजकुरात प्रत्येक अधिकाऱ्याने निदान एक शब्द बदलायचाच असतो. न बदलता सही केली तर दोनच अर्थ निघतात. एक तर साहेबांनी वाचलं नाही, किंवा वाचूनही साहेबांना काही सुचलं नाही. दोन्ही बढतीला घातक. तेव्हा ते आख्खं सॉफ्टवेअर छापून, गठ्ठे बांधून, हातगाडीवरून टेबलाटेबलाला फिरलं. हेडक्लार्कांनी 'दहा' खोडून 'पुरेसे' केलं. त्यांच्यावरच्यांना 'जुलाब' हा शब्द असभ्य वाटला, त्यांनी 'पचनविषयक असुविधा' लिहिलं. मोठ्या साहेबांनी धोक्याचा लाल रंग काढून शांत निळा सुचवला, कारण लाल बघून लोक घाबरतात आणि मग आजारी पडतात. आमच्या जावईबापूंनी 'आदेश पाठवा' याच्या आधी एकच शब्द घातला. 'शक्यतो.'

"सर, यंत्राला 'शक्यतो' कळत नाही हो," मुलगी काकुळतीला आली.

"मग कळेल असं करा," जावईबापू म्हणाले. "आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

पोरगी खरंच हुशार. तिने यंत्राला 'शक्यतो' शिकवलं. आणि त्या दिवसापासून यंत्र विचार करू लागलं. आदेश पाठवायचा का, असं विचारलं की पडद्यावर शांत निळ्या रंगात उत्तर यायचं, 'तपासून पाहत आहोत.' दुपारी जेवणाच्या सुट्टीत तर ते उत्तरही येईना. यंत्र खात्यात रुळलं म्हणून कचेरीत सर्वांना भरून आलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण खात्याच्या माहिती सुरक्षा समितीला जाग आली. रुग्णाचा आजार ही त्याची खाजगी बाब, तेव्हा ती नोंदवण्याचा अधिकार त्याचाच, असं ठरलं. सिस्टर नोंद घ्यायला घरी यायची तेव्हा वहिनीच्या फोनवर एक गुप्त आकडा यायचा. तो लगेच टाकायचा, नाहीतर बाद. आणि आकडा नेमका वहिनी मोरीत असतानाच यायचा.

"वहिनी, आकडा आलाय!" मी दाराबाहेरून ओरडायचो.

"ठेवा दाबून!" आतून उत्तर. "मी पण तेच करत होते, जमलं नाही!" मग बाहेर येऊन भिंतीला टेकत म्हणायची, "भाऊजी, तुमच्या जावईबापूंना सांगा, असुविधा मला झालीय, फोनला नाही."

गल्लीतल्या प्रत्येक घरात हीच गत. आजारी माणसाला आकडा गाठता येईना आणि ज्याला गाठता येई तो आजारी नसे. परिणामी नोंद झालेल्या रुग्णांची संख्या शून्य. रुग्णच नाहीत म्हटल्यावर दवाखान्यात जादा खाटा मंजूर होईनात. वहिनीला घरीच, कपडे वाळत घालायच्या दांडीला बाटली टांगून सलाईन लागलं. तिकडे मोठ्या साहेबांना सुरक्षिततेबद्दल मानचिन्ह मिळालं. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, "आमच्या माहितीला चोरांनीच काय, आम्हीसुद्धा हात लावू शकलेलो नाही."

त्याच संध्याकाळी मी चहा आणला. घाईत साखरेऐवजी मीठ पडलं होतं. वहिनीने एक घोट घेतला, कप ठेवला आणि काहीच बोलली नाही. वहिनी बोलली नाही! तसाच उठून मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसलो.

साहेब सज्जन निघाले. "आजोबा, रुग्ण शून्य आहेत आणि तुम्ही म्हणता गल्ली आजारी आहे. मी कुणावर विश्वास ठेवू? पण आपली व्यवस्था खुली आहे. आपण थेट जनतेलाच विचारू."

गल्लीतल्या प्रत्येक फोनवर संदेश आला. लांबलचक, बारीक अक्षरांत, आणि तळाशी दोन ओळी: 'वरील सर्व मजकूर वाचून, आपल्या गल्लीतील पाणी समाधानकारक असल्याचे मान्य असल्यास मान्य दाबा.' ते दाबेपर्यंत फोनवर दुसरं काही दिसेना. गल्लीने एकमुखाने मान्य दाबलं. काहींनी तर मोरीतून दाबलं. एरवी एका पार्किंगवरून बारा वर्षं भांडणारी आमची गल्ली, पण या एका बाबतीत तिची अभूतपूर्व एकजूट दिसली. वहिनीच्या फोनवरूनही मान्य गेलं होतं.

"मला वाटलं सलाईनचं काहीतरी असेल," ती पुटपुटली.

यंत्राने या वेळी अजिबात विचार केला नाही. चावीवाल्याला आदेश तत्काळ गेला. नागरिक पाण्याबद्दल समाधानी असल्याने व्हॉल्व्ह आणखी दोन आटे उघडण्यात यावा.

मी पुन्हा धावलो. "अहो साहेब, एकानेही वाचलं नव्हतं हो ते!"

"आजोबा," साहेब मायेने म्हणाले, "वाचत तर आम्हीही नाही. पण आम्ही निदान एक शब्द बदलतो."

मी बाजूच्या खुर्चीतल्या जावईबापूंकडे वळलो. ते चष्मा पुसत बसले. सॉफ्टवेअरवालीच तेवढी माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. "काका, एक वाट आहे. गल्लीची संमती रद्द करायची तर साऱ्या शहराचं मत घ्यावं लागेल. तशी सोय आहे यात. मी आजच पाठवते."

तिने तीन शब्दांचा प्रश्न लिहिला, 'व्हॉल्व्ह बंद करू?' तो टेबलाटेबलावरून फिरून आला तेव्हा दीड पानाचा झाला होता. वर मोठं निळं बटण, 'मान्य, आहे ते चालू ठेवा.' मजकूर संपल्यावर, अगदी तळाला, बारीक अक्षरांत दुसरं, 'व्हॉल्व्ह बंद करा.'

आज सकाळी तो साऱ्या शहराला गेला. मी वहिनीच्या उशाशी बसून निकाल पाहतोय. सिस्टर दुसरी बाटली लावतेय आणि माझ्या नजरेला नजर देत नाहीये. वरच्या बटणाचा आकडा भराभर चढतोय. खालच्या बटणावर एकच मत आहे, ते माझं.

तुमच्याही फोनवर आला होता तो प्रश्न, सकाळी, दात घासताना. नाही, नाही, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घाईत होतात.