वडकेकाकांचं अ‍ॅव्हरेज

वडकेकाकांच्या कॉम्प्युटरवर मी आजवर पंधरा-वीस लढाया पाहिल्या, पण एकाही योद्ध्याला नाक पाहिलं नाही. डोळे नाहीत, मिशा नाहीत, सावली तर नाहीच नाही. मानेवर उकडलेल्या बटाट्यासारखं काहीतरी घेऊन शूर वीर धावत असतात, आणि रणांगण म्हणजे नुकतंच सारवलेलं अंगण. गवत नाही, धूळ नाही, वर आभाळ आहे ते एका रंगाचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "काका, कॉम्प्युटर बिघडलाय का?"

"बिघडलेला नाही. चेहरे काढून टाकलेत," काका म्हणाले. "चेहरा ही चैन आहे."

कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. काकांची उभी हयात स्कूटरच्या कारखान्यात गेली. नव्या स्कूटरवर बसायचं, ठरलेल्या रस्त्यावरून ठरलेल्या वेगानं जायचं आणि लिटरमागे किती पळते ते लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. पुढे देशाचे दरवाजे उघडले, परदेशी बनावटीच्या मोटारसायकली आल्या आणि स्कूटरबरोबर काकाही घरी बसले. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. त्यातला 'स्वेच्छा' हा भाग उच्चारताना काकांना अजून खोकला येतो. त्या पैशातून त्यांनी मुलाला, मंदारला, इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घेऊन दिला. मंदार शिकला, हिंजवडीत लागला, लग्न करून वाकडला राहायला गेला. कॉम्प्युटर मागे राहिला आणि त्यात मंदारचे गेम राहिले. निवृत्त परीक्षकाच्या हाती यंत्र लागल्यावर जे व्हायचं ते झालं.

काका गेम खेळत नाहीत, चालवून बघतात. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात याचा एक आकडा असतो. तो जितका मोठा तितका गेम लोण्यासारखा चालतो, आणि फार घसरला की नायक दम लागल्यासारखा थांबत थांबत पळतो. जग त्याला एफपीएस म्हणतं. काका अ‍ॅव्हरेज म्हणतात.

"नवा गेम आणला. सगळं चालू ठेवलं तर सहाचं अ‍ॅव्हरेज देतो. सावल्या काढल्या, अकरा. गवत उपटलं, सतरा. ढग काढले, चोवीस. चोवीसला माणूस चालतो."

प्रत्येक गेममध्ये त्यांचा एक रस्ता ठरलेला. त्या रस्त्यावरून तीनदा जायचं आणि सरासरी काढायची. वाटेत शत्रू आला तरी काका गोळी झाडत नाहीत. "गोळी झाडली की धूर होतो. धुरानं अ‍ॅव्हरेज पडतं." त्यामुळे बहुतेक वेळा ते मरतात, आणि मेल्यावर अत्यंत समाधानानं आकडा लिहून घेतात. गाड्या चोरून पळवायचा एक गेम आहे. सगळ्या जगातली पोरं त्यात फुटपाथवरून गाड्या घालतात. काका चोरलेली गाडी चाळीसच्या वेगानं, रस्त्याच्या डाव्या कडेनं नेतात. गाव अमेरिकेतलं, त्यामुळे समोरून येणारी अख्खी अमेरिका त्यांच्यावर हॉर्न वाजवत असते. काका मनावर घेत नाहीत.

परीक्षा चालू असताना घरात मिक्सर लावायला बंदी आहे, कारण मिक्सर लागला की दिवा मंद होतो आणि काकांचा त्या निकालावर विश्वास राहत नाही. "तुमचा गडी धावतोय म्हणून माझी चटणी थांबायची का?" असं काकू स्वयंपाकघरातून विचारतात. थांबते. काटकसर हा या घराचा जुनाच आजार आहे असं काकूंचं मत. "आमच्या लग्नात यांनी वरातीतला बँड काढून टाकला," त्या सांगतात. यावर काकांचं एकच उत्तर असतं, "वरात वेळेच्या आधी पोचली की नाही?"

निकाल ते इंटरनेटवर मराठीत लिहितात. भाषा कारखान्याच्या अहवालाची. 'गेम चांगला. पाणी अर्ध्यावर ठेवावे. झाडे काढावीत, नाहीतरी नायक सावलीत बसत नाही. खलनायकाचा झगा काढू नये, सात-आठ वेळा प्रयत्न केला, गेम बंद पडतो.' हे कोण वाचत असेल, असा प्रश्न मला पडायचा. पण मी विचारत नसे, कारण मी स्वतः हिंजवडीत सॉफ्टवेअरचा वेग तपासण्याचं काम करतो आणि काकांनी मला एकदा त्यावरून धुतलेलं आहे.

"तुमच्या कंपनीत सॉफ्टवेअर हळू चाललं तर काय करता हो, इंजिनिअरसाहेब?"

"मोठा सर्व्हर लावतो."

"म्हणजे गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली की टाकी मोठी बसवता. छान आहे."

मागच्या दिवाळीत मंदारनं बापासाठी नवा कॉम्प्युटर आणला. भली मोठी पेटी. आतल्या यंत्राला म्हणे दिवेसुद्धा होते. काकांनी पेटीवरची सगळी माहिती वाचली, "उत्तम आहे," म्हणाले आणि पेटी कॉटशेजारी ठेवून दिली. सहा महिन्यांत ती उघडली नाही. काकू तिच्यावर चादर घालून इस्त्री करू लागल्या. मंदार येई, इस्त्रीच्या घड्यांकडे बघे आणि उभ्या उभ्या चहा पिऊन जाई. त्याला ते लागलं होतं, हे सगळ्या इमारतीला दिसत होतं. काकांना सोडून. इमारतीनं निकाल लावला की माणूस चिक्कू तो चिक्कूच, फुकट मिळालेलंसुद्धा याच्यानं वापरवत नाही. खोटं कशाला बोलू, त्या निकालावर माझीही सही होती.

मग एका रविवारी सकाळी जुना कॉम्प्युटर मेला. जळका वास माझ्या घरापर्यंत आला. मी वर गेलो तर काका कॅबिनेट उघडून, बनियनवर, डोक्याला हात लावून बसलेले.

"मदरबोर्ड गेला," ते म्हणाले.

"सुटलात!" मी म्हणालो. "काकू, इस्त्री उचला. पेटी उघडू या."

"त्यावर सगळंच पळतं. तपासायचं काय त्यात?" काका उठले. त्यांनी शर्ट चढवला, जळलेला बोर्ड कापडी पिशवीत घातला आणि म्हणाले, "चल. असाच दुसरा शोधू."

अरे-तुरेवर आले म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आम्ही शनिवार पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. वाटेत मला दुकानदाराची दया येत होती. या म्हाताऱ्यानं आयुष्यात त्याच्याकडून काही विकत घेतलं नसणार. पण दुकानदारानं काकांना बघितलं, "या काका," म्हणाला आणि काही न विचारता काउंटरच्या आतलं स्टूल बाहेर काढून मोठ्या पडद्यासमोर ठेवलं. मग त्यानं पडद्यावर एक गेम लावून दिला, पिशवीतला बोर्ड निरखून पाहिला आणि "माळ्यावर असेल एखादा, बघतो," म्हणत शिडी चढून गेला.

काका स्टुलावर बसले होते. पडद्यावर त्यांचाच एक गेम आपला आपण चालत होता, त्यांचा नेहमीचा रस्ता, जिथे ते रोज मरतात तो. पण इथे कुणी काही काढून टाकलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला गुडघाभर गवत होतं आणि ते वाऱ्यानं एका बाजूला कलत होतं. उजवीकडे नदी होती. त्या रस्त्याला नदी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"पाण्यात ढग बघ," काका हळूच म्हणाले. मग त्यांनी बोट दाखवलं. "हा पुढे चालणारा शिपाई आहे ना, आपल्याकडे याला तोंड नाही. मला वाटायचं असेल कुणीतरी पोरगा. इथे येऊन कळलं, म्हातारा आहे. दाढी पिकलीय त्याची."

"तुम्ही इथे येता नेहमी?"

"भाजी आणायला निघालो की येतो जरा."

मी म्हणालो, "काका, मग घरची पेटी उघडा ना. रोज दिसेल."

"लातूरला एक मुलगी आहे," काका पडद्याकडेच बघत म्हणाले. "मी लिहितो ते वाचते. होस्टेलवर राहते. मामाचा जुना कॉम्प्युटर मिळालाय तिला, हुबेहूब आपल्यासारखा. एक वाशीमचा आहे. बरीच आहेत अशी. दुकानात विचारलं की दुकानदार म्हणतो, नवा घ्या. इंटरनेटवर विचारलं की तिथले शहाणेही तेच म्हणतात. थांब, आहे त्यावर चालतं का बघू, एवढं म्हणणारं कुणीतरी नको?"

"पण दोन्ही ठेवा की. जुना त्यांच्यासाठी, नवा तुमच्यासाठी."

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"मला माझी खात्री नाही रे. हे गवत एकदा घरात आलं की मी त्या बिनतोंडाच्या शिपायाकडे परत जाणार नाही. दोन दिवस जाईन फार तर. मग मीही म्हणायला लागेन, नवा घ्या. कारखान्यात आमच्या साहेबांचं तसंच झालं. मोटारसायकल चालवून आले आणि दुसऱ्या दिवसापासून स्कूटरकडे ढुंकून बघेनात. आम्ही तिथेच उभे होतो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मंदारला वाटतं, त्याची पेटी मला नकोय. नको कशी असेल?"

या माणसाला सगळी इमारत चिक्कू म्हणत होती, आणि तो बसला होता नदीकडे बघत, दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या स्टुलावर.

तेवढ्यात माळ्यावरून दुकानदार ओरडला, "मिळाला काका! अगदी तोच बोर्ड! आणतो खाली."

काकांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"सावकाश उतर," ते म्हणाले. "काही घाई नाही."