उजव्या कमरेवरची घागर

आमच्या सौंदडच्या नाटकाच्या पडद्यावर तलाव आहे आणि तलावाकाठी एक पाठमोरी बाई. तिची घागर मी उजव्या कमरेवरून डावीकडे नेली. मी चित्रकलेचा शिक्षक. मला ती चूक वाटली.

हा पडदा म्हणजे डोमाजीकाकांचा जीव. काका माझे शेजारी, राईस मिलमधून निवृत्त. कुठलंही चित्र दिसलं की ते आधी त्यातलं पाणी शोधतात, त्यावर बोट टेकवतात आणि बोट न्याहाळून निकाल देतात, "सुकं हाय." कॅलेंडरातल्या नद्या, बँकेतला धबधबा, सगळं सुकं. चार रविवार बोदलकशाच्या काठावर बसून मी तिथला तलाव रंगवला, तोही सुकाच निघाला. वर विचारलं, "मास्तर, एवढं पानी घेऊन बसले होते, गेलं कुठी?"

'वल्लं' पाणी जगात एकच, या पडद्यावरचं. तो रंगवणारा फिरस्ता महिनाभर गावात राहून गेला. नाव कुणाला आठवत नाही. काकांसाठी तो 'आपला पेंटर'.

यंदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या, नाटकाआधी पडदा माझ्याकडे आला. उंदरांनी कुरतडलेलं आभाळ तेवढं बुजवायचं होतं. आभाळ झालं, रंग उरला, आणि माझी विद्वत्ता उफाळून आली.

पडदा शाळेच्या व्हरांड्यात वाळत असताना काका आले. पाण्याकडे न बघता थेट बाईपुढे उभे राहिले.

"घागर इकडं काऊन आली?"

बायका घागर डाव्या कमरेवर घेतात, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो, असं मी हातवारे करून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माही बायको डावखुरी होती," ते म्हणाले. "पेंटर तलावाच्या पाळीवर बसून काढून राहिला होता, ही पानी घेऊन जाऊन राहिली होती. फोटो कधी काढला नाही जी तिचा. पाठ हाय, तेवढीच."

मग दोन दिवस मी घागर परत नेत होतो. मागे स्टुलावर काका. घागर जरा खाली, पदर जरा वर, कोपर असं नव्हतं. हळूहळू त्यांच्या सूचना थांबल्या. ते उठले आणि त्यांनी घागरीवर बोट टेकवलं. बोटाला रंग लागला. तो त्यांनी पुसला नाही.

"वल्लं आहे ना, काका?" मी भीत भीत विचारलं.

"हाय," ते म्हणाले. "पन मास्तर, तुमी पोरायले गनितच शिकवत जा."