चारशे बारा क्रमांकाचा हौद

नागरिकांनी वर्षातून एकदा तरी आपल्या प्राचीन वारशाला भेट द्यावी, असा फलक बसथांब्यावर लागला आणि तेव्हापासून म्हाताऱ्या गवंड्याच्या बायकोने त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. शेवटी एका रविवारी दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून तो तिच्यासोबत पवित्र टेकडीवरच्या पुरातत्त्व उद्यानात हजर झाला.

बाण दाखवेल तिकडे जायचं आणि दोरी आडवी आली की थांबायचं, एवढंच काम होतं. पडके खांब बघत, बिनमुंडक्याच्या पुतळ्यांपुढे अदबीने थबकत दोघं संग्रहालयाच्या मधल्या दालनात पोचली. तिथे मंद दिव्याखाली एक लांबट हौद होता. लोक रांगेने येत, काठावर हात टेकवून वाकत, डोळे मिटून मनातलं मागत आणि पुढे सरकत. शेजारी पाटी होती: ‘वस्तू क्रमांक ४१२. पवित्र स्नानकुंड. अडीच हजार वर्षांपूर्वीचे. कोपऱ्यातील ठसा देवतेच्या पदस्पर्शाचा असावा.’

गवंड्याने ठसा निरखला आणि खो खो हसत सुटला.

“अगं, हा तर गाढवांचा हौद!”

“हळू बोला. लोक बघतायत.”

“बाबांनी बांधलेला! इथलं खोदकाम चालू होतं ना, तेव्हा माती वाहायला चाळीस गाढवं होती. त्यांना पाणी पाजायला. आणि देवता कसली? हा बाबांचा अंगठा!”

त्याच्या बापाला सही येत नव्हती. काम पुरं झालं, की ओल्या सिमेंटमध्ये कोपऱ्यात तो आपला मोडून वाकडा झालेला अंगठा दाबून ठेवायचा. नाव कुठे लिहिलं जाण्याचा प्रश्नच नव्हता. अर्धं शहर बांधून माणूस निघून गेला, पण एकाही भिंतीला त्याचं नाव ठाऊक नाही. आणि इथे त्याच्या अंगठ्यावर दिवा सोडलेला, नाव मात्र भलत्याचंच! गवंड्याचं हसू मावळलं.

“पाटीवर बाबांचं नाव आलं पाहिजे,” तो म्हणाला आणि लंगडत थेट अभिरक्षकाच्या खोलीत शिरला.

अभिरक्षकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “काका, वस्तूचं वय आम्ही वाढवू शकतो. कमी करायचा अर्जच छापलेला नाही.”

“अहो साहेब, पण ते सिमेंट आहे!”

“आहेच. प्राचीनांना सिमेंट ठाऊक होतं याचा हा एकमेव पुरावा. माझे त्यावर तीन प्रबंध आहेत.”

“बरं, वय ठेवा तुमच्याकडे. नाव तेवढं लिहा.”

“ते जमेल. नमुना नऊ भरा. निर्माता त्या काळी हयात होता, असा दाखला मात्र लागेल.”

“अडीच हजार वर्षांपूर्वीचा दाखला कोण देणार?”

“आम्हीच. दुसरं आहे कोण?”

गवंड्याने नमुना भरला. आठवड्याभरात तीन तज्ज्ञ भिंग घेऊन त्याच्या घरी आले. उंबऱ्याच्या कोपऱ्यातही तोच वाकडा अंगठा होता. मापं जुळली. तज्ज्ञांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि अहवाल दिला: अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. हौद अर्जदाराच्या वडिलांनीच बांधला. हौद अडीच हजार वर्षांचा असल्याने वडीलही अडीच हजार वर्षांपूर्वीचे ठरतात. सबब उंबरा प्राचीन, घर संरक्षित, आणि अर्जदार हा त्या काळाचा एकमेव चालता अवशेष.

गवंडी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात गेला, तर डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. मूळ अवशेषात फेरबदल करण्यास मनाई असल्याचं पत्र त्यांच्या टेबलावर आधीच येऊन पडलं होतं. दोघं तशीच अभिरक्षकाच्या खोलीत आली.

“मी चाळीस वर्षं हेच सांगतेय,” बायको म्हणाली. “पण माझं काय हो?”

अभिरक्षकाने नोंदवही चाळली. “तुम्ही लग्न करून आलात. तुमची नोंद ‘नंतरची भर’ अशी आहे. तुम्हाला हलवायला हरकत नाही.”

“मला हलवून तर बघा!” असं म्हणून तिने त्याच्याच खुर्चीत बैठक मारली.

अभिरक्षक उभ्यानेच गवंड्याकडे वळला. “काका, अजून वेळ गेलेली नाही. तो माणूस माझा बाप नव्हे, एवढं एक वाक्य लिहून द्या. गुडघा मोकळा, घर मोकळं.”

टेबलावर नवी पाटी तयार पडली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत बापाचं नाव होतं. गवंड्याने त्यावरून बोट फिरवलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

“पाटी लावा,” तो म्हणाला.

आता तो रोज दहा ते पाच हौदाशेजारी खुर्चीवर बसतो. वस्तू क्रमांक ४१३. गुडघा दुखतो, पण तब्येत खूश आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो खणखणीत आवाजात सांगतो, “हे कुंडबिंड काही नाही. माझ्या बापाने गाढवांसाठी बांधलेला हौद आहे.” लोक “किती साधेपणा!” म्हणतात आणि जाताना त्याच्याही गुडघ्याला हात लावतात. बायको डबा घेऊन येते आणि रांग मोडणाऱ्याला दम भरते.

तुम्हीही तिथे जाऊन आला असालच. तेव्हाचा फोटो काढून नीट बघा. काठावर हात टेकून, डोळे मिटून तुम्ही वाकला आहात आणि मागे एक म्हातारा पोट धरून हसतोय. त्याच्यावर रागावू नका. त्या हौदापाशी इतक्या शिस्तीत रांगेने येऊन वाकणारे त्याच्या बापाने तेवढे चाळीसच पाहिले होते.