ड्युगल्डचं घरगुती ग्रीस

"शनिवारी मला कोरड्या पायांनी नदीच्या वरच्या झोपडीपर्यंत ने आणि परत आण," मॉयरा म्हणाली. "नाहीतर रविवारी बोट शेजारच्या प्राउडफूटला विकायची."

ड्युगल्ड मॅक्रोरीच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. बायको थट्टा करते तेव्हा तिची डावी भुवई वर जाते, हे बत्तीस वर्षांच्या संसारात त्याला पाठ झालं होतं. भुवई जागची हलली नव्हती.

आणि तिचं तरी काय चुकत होतं? जेटबोटीचं स्टिअरिंग दोन महिने इतकं आखडलं होतं, की ते वळवायला ड्युगल्डला उभं राहून, पाय रोवून, लोकर कातरायला मेंढा आडवा पाडावा तसा जोर लावावा लागे. गेल्या खेपेला बोट थेट काठच्या विलोच्या झाडात घुसली होती. मॉयरा डोक्यावर केकचा डबा धरून कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली. केक वाचला, संसारही थोडक्यात वाचला.

"मेकॅनिककडे ने की सरळ," ती म्हणाली.

"मेकॅनिककडे? मी?"

रकाया नदीच्या काठी ज्याची बोट त्यानंच दुरुस्त करायची असते. फाटक मोडलं तर कुंपणाच्या तारेनं बांधायचं, इंजिनाचा पत्रा सुटला तरी कुंपणाच्या तारेनंच. मेकॅनिककडे बोट नेलेला एकच माणूस ड्युगल्डला आठवत होता, आणि तो पुढे शेत विकून शहरात राहायला गेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ड्युगल्डनं शेडचं दार लावून घेतलं. स्टिअरिंगपासून मागपर्यंत जाणारी केबल त्यानं सोडवली. बोटीच्या मागचं, पाणी फेकणारं तोंड हातानं सहज हललं. म्हणजे दुखणं केबलीतच होतं. आतून गंज आणि वाळलेलं ग्रीस निघालं. त्यानं ते रॉकेलनं धुतलं, पुसलं आणि ग्रीसचा डबा उघडला. डबा रिकामा!

दुकान पाऊण तासावर, तेही बंद झालेलं. प्राउडफूटकडे ग्रीस होतं, पण बोटीवर डोळा ठेवून बसलेल्या माणसाकडेच ग्रीस मागायचं? मग ड्युगल्डला स्वयंपाकघरातला वाडगा आठवला. रविवारी भाजलेल्या मटणाची चरबी, शुभ्र, मऊ. अख्खं घर मेंढ्यांवर चालतं, मग बोटीनंच काय घोडं मारलंय?

चरबी केबलीत ठासून भरायला तासभर गेला. त्यातला अर्धा तास फ्लॉस कुत्रीला हाकलण्यात गेला, कारण तो एका टोकानं भरायचा आणि ती दुसऱ्या टोकानं चाटायची. पण शेवटी स्टिअरिंग करंगळीनं फिरायला लागलं. शेडमध्ये कोणी बघत नाही याची खात्री करून ड्युगल्ड दोन पावलं नाचला.

शनिवारी ऊन रणरणत होतं. मॉयरा थर्मास आणि सँडविचं घेऊन बोटीत बसली.

"कुठलं ग्रीस घातलंस?"

"घरगुती."

पहिली दोन वळणं बोट लोण्यासारखी वळली. ड्युगल्ड शीळ घालायला लागला. पण रकायाला वरच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून पाणी येतं, हात घातला तर बोटं बधिर होतात. तिसऱ्या वळणाला स्टिअरिंग जड झालं. चौथ्याला ड्युगल्ड उभा राहिला.

"काय झालं?" मॉयरानं विचारलं.

"काही नाही. हवा खातोय."

पाचव्या वळणाला त्यानं पाय रोवला तेव्हा तिनं ओळखलं. "मग हळू घे की!"

"हळू घेतलं तर ही वळतच नाही गं! पाणी जोरात मागे फेकते तोवरच वळते!"

"हळू घेतलं तर काय होईल?"

"विलो!"

केबलीतली चरबी थंडीनं गोठली असणार, एवढं त्याच्या ध्यानात आलं. "मॉयरा, मागे जा! थर्मासमधला चहा त्या केबलीच्या नळीवर ओत! आत्ता!"

मॉयरा रांगत मागे गेली. चहा पडला, नळी गरम झाली, स्टिअरिंग सुटलं आणि बोट विलोला चाटून वळली. पण वाफेबरोबर एक ओळखीचा वास वर आला. मॉयरानं नाक जवळ नेलं.

"ड्युगल्ड! हे माझं रविवारचं मटण आहे! मी काल रात्रीपासून तो वाडगा शोधतेय! कपाटं उपसली मी!"

"भांडण नंतर! चहा!"

प्रत्येक वळणाला "चहा!" अशी आरोळी व्हायची आणि मॉयरा कपभर चहा ओतायची. पुढे पुढे तर वळण यायच्या आधीच ती ओतायला लागली. "डावीकडे गोटे आहेत, उजवीकडून घे! मी ओततेय!" असं तीच ओरडत होती. मग थर्मास संपला.

चरबी घट्ट झाली ती नेमकी स्टिअरिंग डावीकडे असताना. बोट एका रुंद डोहात गोल गोल फिरायला लागली. काठावर सॅमन मासा धरायला बसलेल्या प्राउडफूटनं त्यांना पाहून टोपी उचलली. दुसऱ्या फेरीलाही उचलली. तिसऱ्या फेरीला तो उठून उभाच राहिला, आणि चौथ्या फेरीला बोट त्याच्या शेजारून सूंऽऽ करत गोट्यांच्या काठावर चढून थांबली.

"पाय कोरडे आहेत ना?" ड्युगल्डनं क्षीण आवाजात विचारलं.

"नदीच वीस पावलं लांब आहे," मॉयरा म्हणाली.

प्राउडफूट ट्रॅक्टर आणायला गेला. तासभर दोघं तापलेल्या गोट्यांवर सँडविचं खात बसली. ड्युगल्डनं अर्धं सँडविच तसंच बाजूला ठेवलं. त्याची बोट चालली होती, आणि तीही प्राउडफूटकडे! त्याला अगदी रडू येत होतं.

ट्रॅक्टरनं बोट पाण्यात गेली. प्राउडफूट हात पुसत म्हणाला, "मग मॉयरा, उद्या येऊ का बोट न्यायला?"

"नको," मॉयरा म्हणाली. "बत्तीस वर्षं मी हिच्यात डोळे मिटून, सामानासारखी बसले. आज पहिल्यांदा नदी बघितली. काय मजा असते रे! बोट विकायची नाही."

ड्युगल्डचा जीव भांड्यात पडला. तो लगबगीनं पुढच्या सीटकडे निघाला, पण तिथे मॉयरा आधीच बसली होती. तिनं नुसता मागच्या सीटकडे इशारा केला. तो मुकाट्यानं मागे जाऊन बसला.

तिनं स्टिअरिंगला हात लावला आणि ते करंगळीनं फिरलं. डोहाला एक झोकदार फेरी मारून तिनं बोट काठाजवळून नेली.

"अगं, मघाशी तर हे जाम झालं होतं!" प्राउडफूट ओरडला. "काय दुरुस्त केलंत?"

तासभर उन्हात बोट तापली, चरबी पातळ झाली, एवढंच झालं होतं. ड्युगल्डनं ते सांगायला तोंड उघडलंही. पण मग चरबीचं सांगावं लागलं असतं, आणि ते सोमवारपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक शेडमध्ये पोचलं असतं.

"विशेष काही नाही," मॉयरा ओरडून म्हणाली. "नवऱ्याला मागे बसवलं."