इंजिनाचं माहेर

भूपाल चौगुलेच्या मोटरसायकलचं इंजिन नागपंचमीला पाच दिवसांच्या बोलीवर माहेरी गेलं, आणि गणपती बसले तरी परत आलं नाही.

माहेरी जाण्यात वावगं काही नव्हतं. जुन्या बाजारातून आणलेला सुटा भाग पहिल्या नागपंचमीला मूळ मालकाच्या घरी जातो. तिकडून मुराळी न्यायला येतो आणि पाच दिवस लाड करून घेऊन भाग लाह्यांच्या पिशवीसकट परत येतो, हे इचलकरंजीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भूपालचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर मिरजेला जाऊन आले. टाकी गडहिंग्लजला जाऊन आली, तिला तर नवा खण मिळाला. ट्रॅक्टरच्या दिव्यांची जोडी तिसऱ्याच दिवशी परतली, कारण तिकडे भावकीत बांधावरून वाद पेटला होता. राहिलं ते इंजिन.

भूपाल सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्यात फिटर होता आणि त्याच्या बुडाला भिंगरी होती. जेवताना त्याचा गुडघा हलायचा. झोपेतसुद्धा उजव्या हाताची बोटं कसला तरी नट आवळत असायची. तीन वर्षांपूर्वी त्यानं फोनवर एक स्ट्रीटफायटर पाहिली: अंगावरची सगळी झूल उतरवलेली, उघड्या इंजिनाची, रुंद हँडलची, शेपूट छाटलेली आणि कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसणारी. शोरूममधली त्याच्या ऐपतीबाहेरची होती. म्हणून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं आपली स्वतःची बांधायला घेतली. सांगाडा भंगारातला होता, सायलेन्सर औषध फवारायच्या जुन्या पंपाचा. ज्या दिवशी ग्राइंडरनं त्यानं सांगाड्याचं मागचं टोक कापलं, त्या दिवशी त्याची बायको त्रिशला चहा घेऊन आली होती. तिनं कापलेल्या जागेकडे बघितलं.

"आणि मी कुठं बसायचं?"

भूपालनं गॉगल डोळ्यांवर ओढला आणि राहिलेलं कापून टाकलं. चहा गार झाला. पुढं हा विषय दोघांनीही काढला नाही.

इंजिन येऊन आठ महिने झाले तरी मोटरसायकल पुरी होईना. दर खेपेला एक हँडल बसवायचं, दोन पावलं मागं जाऊन बघायचं, मान हलवायची आणि उतरवायचं. त्रिशलानं शेवटी दसऱ्याची मुदत घातली. तिला शेडमध्ये शेवयांचं मशीन टाकायचं होतं. दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. त्रिशला बोलेल ते करणारी बाई होती. तीन वर्षं पाण्यात जाऊ नयेत म्हणून भूपाल हसूरवाडीची एसटी धरून निघाला.

हसूरवाडी नदीकाठी आहे. इंजिनाचे मूळ मालक तम्माण्णा खोत तिथं दुधाचा रतीब घालतात. इंजिन त्यांच्या सोप्यात पाटावर बसलं होतं आणि त्याच्या खांद्यावर धुतलेला पंचा होता. ते भूपालकडे बघत नव्हतं. तम्माण्णांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग पाऊसपाण्याची चौकशी केली. भूपाल तीनदा उठला आणि तीनदा बसला. शेवटी त्यानं विचारलं, "मामा, कधी पाठवताय?"

"आमची कशाला ना असंल, पाव्हणं," तम्माण्णा म्हणाले. "पर त्येचं मन न्हाई."

प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढं गेलं. समितीचे अध्यक्ष कलगोंडा पाटील हे मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी इंजिनाला खुर्ची दिली, भूपालला बाकावर बसवलं आणि खोतांच्या अक्काताईंना दुभाषी म्हणून बोलावलं. अक्काताई तम्माण्णांची बायको. चौदा वर्षं त्या याच इंजिनामागं बसून बाजाराला गेल्या होत्या, त्यामुळं त्याचं बोलणं त्यांना नीट कळायचं. शिपायानं किक मारली. इंजिन बराच वेळ बोललं. मधे एकदा त्याचा आवाज घोगरा झाला, तेव्हा सगळे अदबीनं थांबले.

अक्काताईंनी सांगितलं की तक्रारी दोन आहेत. पहिली, की चौदा वर्षं रोज पहाटे एकेचाळीस दारं केलेल्या इंजिनाला आठ महिने स्टँडवर बसवून ठेवलं. बसून बसून त्याचं अंग धरलं आहे आणि जीव घाबरा होतो. दुसरी, की त्या घरात मागं बसायला जागा नाही. ज्या घरात बाईमाणसाला बसायला जागा ठेवली नाही, तिथं नांदायचं कसं, असं ते विचारतं आहे.

पहिल्या तक्रारीवर भूपालनं खुलासा केला की हँडल अजून मनासारखं बसलेलं नाही. आतापर्यंत किती हँडलं बदलली, असं अध्यक्षांनी विचारलं. भूपालनं सात सांगितली. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"भूपालराव, तुम्ही गाडी बांधताय, का गाडी टाळताय?"

भूपालचा गुडघा हलायचा थांबला. हे त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. गाडी पुरी झाली आणि तिच्यावर बसूनही जिवाची तगमग तशीच राहिली, तर मग काय करायचं, याची त्याला भीती होती. ती त्यानं तिथंच, चारचौघांत, बोलून दाखवली. अक्काताईंनी ते इंजिनाला समजावून सांगितलं. इंजिन एकदा खाकरलं आणि बंद पडलं.

निर्णय त्याच बैठकीत झाला. इंजिन इचलकरंजीला जाणार नाही. सांगाड्यानं घरजावई म्हणून हसूरवाडीला यावं, आणि त्याला हात लावणारं दुसरं कुणी नसल्यामुळं भूपालनं सोबत यावं. मागची जागा सवडीनं करून द्यावी. पत्नीची संमती लेखी हवी होती, ती त्रिशलानं वहीच्या पानावर दिली: "माझी हरकत नाही. शेड रिकामी करून द्यावी."

टेम्पोतून सांगाडा आला. खोतांच्या अंगणात भूपालनं एका दिवसात इंजिन बसवलं आणि हाताला आलं ते हँडल आवळून टाकलं. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून पहिली किक मारली, तशी गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून ती रतिबाला निघाली. इंजिन प्रत्येक दारापाशी आपण होऊन थांबायचं आणि दूध मापून झालं की निघायचं. एकेचाळिसावं दार झाल्यावर पुढं पूल आणि मोकळा रस्ता लागला. तिथं इंजिनानं भूपालला न विचारता वेग घेतला. वारा उघड्या छातीवर आला आणि भूपालला रडू कोसळलं. त्या दिवशी दुपारी तो जेवताना मांडी घालून बसला आणि गुडघा हलला नाही.

घरजावयानं मुराळी आल्याशिवाय घरी जाऊ नये, असा शिरस्ता आहे. भूपालनं तो पाळला. दिवाळी गेली, गुढीपाडवा गेला. त्रिशलाचं मशीन सुरू झालं आणि तिच्या शेवया आसपासच्या गल्ल्यांत जाऊ लागल्या. फोनवर ती ऑर्डरींचं सांगायची. एकदा मात्र म्हणाली की घरात फार शांत वाटतं, जेवताना ताटसुद्धा हलत नाही. भूपालनं फोन ठेवला आणि अंगणात जाऊन हत्यारांची पेटी उघडली.

नागपंचमीला हसूरवाडीच्या थांब्यावर एसटीतून मुराळी उतरली, ती त्रिशलाच होती. तिच्या हातात लाह्यांची पाटी होती. अक्काताईंनी तिच्या पायावर पाणी घातलं आणि रीतीप्रमाणं किती दिवसांसाठी नेणार ते विचारलं. तिनं पाच सांगितले. मग ती गाडीपाशी गेली. कापलेल्या टोकाला नवी पट्टी जोडलेली होती आणि तिच्यावर गादी होती. जोड ओबडधोबड होता. भूपालनं एरवी असला जोड दहादा उतरवून पुन्हा केला असता.

"हे कधी केलंत?" तिनं विचारलं.

"एकदाच केलं," भूपाल म्हणाला.

ती बसली. इंजिन सवयीप्रमाणं एकेचाळीस दारांशी थांबलं, आणि दारादारातून बायका बाहेर येऊन त्रिशलाला हळदकुंकू लावून गेल्या. इचलकरंजीला पोचायला दुपार झाली. चार दिवस गाडी शेडमध्ये शेवयांच्या मशीनशेजारी उभी राहिली. इंजिनाचे लाड झाले, ताजं ऑइल मिळालं. पाचव्या दिवशी सकाळी ते आपण होऊन सुरू झालं. भूपालनं चप्पल घातली, पण उंबऱ्यात उभा राहिला. त्याला जायचंही होतं आणि पाय निघतही नव्हता. गुडघा पुन्हा हलायला लागला होता.

त्रिशलानं मशीनवर फडकं टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारी दिली. किती दिवसांसाठी, असं शेजारणीनं विचारलं. त्रिशला मागच्या गादीवर बसली, तिनं भूपालच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की मुराळी येईल तेव्हा येऊ.